१९३३ चा हेग करार ते आजची आरोग्य नियमावली: विमानप्रवासासाठी कोणता नियम कशाच्या जागी आला?

धावपट्टी

विमानांतून साथी पसरू नयेत म्हणून देशांनी आपापसांत केलेल्या करारांची साखळी नीट लावायची आहे. हाताशी नावं आहेत ती अशी: १९२६ चा पॅरिस करार, १९३३ चा हेग करार, १९४४ चा वॉशिंग्टनचा करार, त्याच वर्षीचा शिकागो करार, मग १९५१, १९६९ आणि २००५ च्या नियमावल्या. प्रश्न असे:

१. १९२६ चा करार होता, तर विमानांसाठी वेगळा करार कशाला लागला?
२. १९४४ च्या एकाच डिसेंबरात दोन करार. रोगप्रतिबंध दोन्हींत आहे, मग चालतो कोणता?
३. लसीचा दाखला आज जवळजवळ फक्त पीतज्वराचाच (यलो फीव्हर) का मागतात? एके काळी कॉलरा, देवी सगळ्यांचेच लागत.
४. उडत्या विमानात कुणी आजारी पडलं तर कोण कुणाला कळवतं? आणि "तुमच्या विमानात रोगी आहे, इथे उतरू नका" असं एखादा देश म्हणू शकतो का?

वरवरची माहिती बरीच मिळते. कलमं आणि आकडे यांच्यासकट सांगितलंत तर उपयोग होईल.

जुनं_दप्तर

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

१८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. बारा देश आले, प्रत्येकाचा एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. विषय कॉलराचा, पण खरं दुखणं व्यापाराचं: प्रत्येक बंदर आपल्या मनाने बोटी अडवून ठेवत होतं. प्रत्यक्ष अमलात आलेला करार व्हायला १८९२ उजाडलं (व्हेनिस, सुएझ कालव्यातून येणाऱ्या बोटींसाठी). १९२६ च्या करारापर्यंत कॉलरा, प्लेग, पीतज्वर, देवी आणि उवांमुळे पसरणारा टायफस असे पाच रोग त्यात आले.

या सगळ्या करारांचा पाया बोटीचा वेग हाच होता. लांबच्या प्रवासात रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचे दिवस, बोटीवरच उलटून जायचे. रोगी बंदरात पोचायच्या आत उघडा पडायचा. बोटीच्या डॉक्टराची नोंद पाहिली की बंदराच्या अधिकाऱ्याचं निम्मं काम झालेलं असे. विमानाने हे गणितच मोडलं. कॉलऱ्याचे ५ दिवस आणि पीतज्वराचे ६ दिवस धरले, तर विमानातून उतरणारा माणूस पूर्ण धडधाकट दिसणार आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी देशाच्या आत कुठेतरी आजारी पडणार. दारावरच्या तपासणीत हाती काहीच लागणार नाही.

म्हणून १२ एप्रिल १९३३ रोजी हेगला हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्वच्छता करार झाला. तो १ ऑगस्ट १९३५ पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, 'स्वच्छता विमानतळ' ही कल्पना. परदेशातून येणाऱ्या विमानांसाठी देशाने काही विमानतळ नेमायचे आणि तिथे ठरावीक सोयी ठेवायच्या: किमान एक वैद्यकीय अधिकारी आणि स्वच्छता निरीक्षक, तपासणीची जागा, संशयित नमुने घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवायची सोय, रोग्यांना वेगळं ठेवायची आणि हलवायची व्यवस्था, निर्जंतुकीकरण, कीटक आणि उंदीर मारण्याची साधनं, पिण्याचं चांगलं पाणी, मैल्याची विल्हेवाट. ही यादी २००५ च्या नियमावलीच्या परिशिष्ट १ मधल्या विमानतळाच्या यादीशेजारी ठेवून पाहा. मधे सत्तर वर्षं गेली आहेत, पण रचना ओळखू येते.

दुसरी, पीतज्वरासाठी केलेला खास भाग. पश्चिम आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका इथे रोग होता. आशियात रोग नव्हता, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास घरोघरी होता. बोटीला हे अंतर तोडायला आठवडे लागत, विमानाला काही दिवस, आणि डास केबिनमध्ये जिवंत बसून येऊ शकत होता. त्यात लस नव्हती. मॅक्स थायलर यांची १७डी लस १९३७ ची, करारानंतर चार वर्षांनी आलेली. त्यामुळे करारकर्त्यांनी सगळा भार विमानतळावरच टाकला. रोगाच्या प्रदेशात 'पीतज्वररोधक विमानतळ' बांधायचे: वस्तीपासून पुरेसे दूर, पाण्याचे साठे डासांना बंद, कर्मचारी, वैमानिक आणि प्रवासी यांच्या राहण्याच्या जागांना जाळ्या. प्रवाशाला डास चावू न देता विमानात बसवायचं, असा तो सगळा खटाटोप. कागदावर चोख. प्रत्यक्षात तो प्रवासी आदल्या आठवड्यात गावात कुठे झोपला होता, याचं उत्तर जाळी देत नाही.

त्यातच १९३२ मध्ये ब्राझीलमध्ये एडिस इजिप्ती नसलेल्या ग्रामीण भागात पीतज्वर सापडला होता. जंगलातली माकडं आणि तिथले डास यांच्यात रोग टिकून राहतो हे पुढे स्पष्ट झालं, आणि शहर डासमुक्त केलं की प्रश्न मिटला या समजाला तडा गेला.

आता १९४४. हे दोन करार एकमेकांचे पर्याय नाहीत.

वॉशिंग्टनचा करार म्हणजे १९३३ च्या कराराची सुधारित आवृत्ती. जुने करार पॅरिसमधलं आंतरराष्ट्रीय सार्वजनिक स्वच्छता कार्यालय सांभाळायचं, आणि युद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर साथींच्या खबरा फिरवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून १५ डिसेंबर १९४४ रोजी सुधारित करार सह्यांसाठी खुला झाला, १५ जानेवारी १९४५ पासून लागू झाला आणि काम 'अन्रा' या संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन यंत्रणेकडे गेलं. लसीच्या दाखल्यांचे सगळीकडे चालतील असे एकसारखे नमुने यातच आले.

शिकागो करार ७ डिसेंबर १९४४ चा. तो नागरी विमान वाहतुकीचा. त्यात रोगांबद्दल एकच कलम आहे, १४ वं: कॉलरा, टायफस, देवी, पीतज्वर, प्लेग आणि वेळोवेळी ठरतील ते इतर रोग विमानातून पसरू नयेत म्हणून देशांनी परिणामकारक उपाय करावेत आणि आरोग्याचे आंतरराष्ट्रीय नियम करणाऱ्या संस्थांशी सल्लामसलत ठेवावी. नियम आरोग्यवाल्यांनी करायचे आणि विमानवाल्यांनी ते आपल्या कामकाजात बसवायचे, ही वाटणी तिथून आजवर चालत आली आहे. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, हिचं शिकागो कराराला जोडलेलं परिशिष्ट ९ (पहिल्यांदा १९४९) हे त्या वाटणीचं रोजचं रूप.

कलम_परिशिष्ट

जुनं_दप्तर यांच्यापुढचा भाग जोडतो. १९५१ मध्ये रोगांच्या यादीपेक्षा मोठा बदल झाला तो कायद्याच्या यंत्रात.

त्याआधी करार म्हटला की सही, मग संसदेची मंजुरी, मग अंमल. मंजुरी काही देश देत, काही देत नसत, काही अर्धवट अटींवर देत. त्यामुळे एकाच वेळी एका देशाला १९१२ चा करार लागू, शेजाऱ्याला १९२६ चा, अशी गोधडी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतल्या कलम २१ आणि २२ ने हे उलटं केलं. संघटनेच्या सभेने नियमावली मंजूर केली की ठरलेल्या मुदतीत जो देश लेखी नकार किंवा हरकत कळवणार नाही, त्याला ती आपोआप लागू. गप्प बसणं म्हणजे होकार. आंतरराष्ट्रीय कायद्यात असं कलम फार क्वचित सापडतं.

या अधिकाराखाली २५ मे १९५१ रोजी आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियमावली मंजूर झाली, १ ऑक्टोबर १९५२ पासून लागू. बोटी, विमानं, रेल्वे, रस्ते सगळं एकाच नियमावलीत. विमानांचा वेगळा करार तिथे संपला. रोग सहा, आणि प्रत्येकाचा अधिशयन काळ नियमातच लिहिलेला: प्लेग ६ दिवस, कॉलरा ५, पीतज्वर ६, देवी १४, टायफस १४, रिलॅप्सिंग फिव्हर (उलटून येणारा ताप) ८. माणसाला जास्तीत जास्त किती दिवस अडकवून ठेवता येईल ते या आकड्यांवरून ठरायचं. उडत्या विमानातून साथ पसरवू शकेल असं काही खाली टाकायचं नाही, अशीही तरतूद होती. आज वाचताना गंमत वाटते, पण तेव्हाच्या विमानांतल्या शौचालयांची रचना आठवली की ती मुळीच गमतीची नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचं तत्त्व म्हणजे नियमात लिहिलेले उपाय हीच कमाल मर्यादा. देशाने याहून कमी करावं, जास्त करू नये. नियमावलीचा हेतू रोग अडवणं हा आहेच, पण घाबरलेल्या सरकारांना अडवणं हाही तितकाच आहे. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

१९६९ मध्ये नाव 'आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली' झालं (लागू १ जानेवारी १९७१). टायफस आणि रिलॅप्सिंग फिव्हर गळले. १९७३ च्या दुरुस्तीने कॉलऱ्याच्या लसीच्या दाखल्याची अट गेली, कारण त्या काळची टोचून घ्यायची लस जंतूंचा प्रसार थांबवत नव्हती. नुसता कागद जमा व्हायचा. देवीचं निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झालं आणि १९८१ च्या दुरुस्तीने देवीही यादीतून गेली. उरले तीन: कॉलरा, प्लेग, पीतज्वर. धावपट्टी, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

ही तीन रोगांची यादीच पुढे अडचण ठरली. एड्स, इबोला यादीबाहेर. आणि यादीतला रोग कळवला की शिक्षाच व्हायची. १९७० मध्ये गिनीने कॉलरा कळवला नाही, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने अनधिकृत माहितीच्या आधारे तो स्वतः जाहीर केला. १९९१ मध्ये पेरूने प्रामाणिकपणे कॉलरा कळवला आणि निर्यातीत जबर मार खाल्ला. १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगनंतर कित्येक विमान कंपन्यांनी भारताच्या फेऱ्या थांबवल्या, नियमावलीत तसं काहीही सांगितलेलं नसताना. १९९५ च्या आरोग्य सभेने नियमावली नव्याने लिहायचा ठराव केला. तरी आठ वर्षं काम रेंगाळलं, ते सार्स आल्यावर हललं.

सध्याची नियमावली २३ मे २००५ ची, लागू १५ जून २००७. सदस्य १९६ देश. रोगांची बंद यादी गेली. त्याऐवजी परिशिष्ट २ मध्ये चार प्रश्न आले: घटना गंभीर आहे का, अनपेक्षित किंवा वेगळी आहे का, देशाबाहेर पसरायचा धोका आहे का, प्रवास-व्यापारावर निर्बंध यायचा धोका आहे का. कोणत्याही दोन प्रश्नांना 'हो' असेल तर मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांत कळवायचं. शिवाय कलम ९ खाली संघटनेला बातम्यांसारख्या इतर स्रोतांवरूनही देशाला विचारणा करता येते. गिनीच्या वेळी जे नियमाबाहेर जाऊन केलं ते आता नियमात आहे.

गॅली_दोन

चौथा प्रश्न. प्रक्रिया आकड्यांसकट:

ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, आणि त्याबरोबर पुढचं एखादं लक्षण: उघड आजारी दिसणं, सततचा खोकला, श्वासाला त्रास, सतत जुलाब, सतत उलट्या, अंगावर पुरळ, मार न लागता काळंनिळं पडणं किंवा रक्त येणं, नुकताच सुरू झालेला गोंधळलेपणा. हे जुळलं की संसर्गजन्य रोगाचा संशय धरायचा. निदान करणं क्रूचं काम नाही. हे निकष २००५ च्या नियमावलीच्या परिशिष्ट ९ मध्ये, म्हणजे विमानाच्या सर्वसाधारण घोषणापत्राच्या आरोग्य भागात, जसेच्या तसे आहेत.

केबिनमध्ये: रोग्याला सहन होत असेल तर मास्क, जागा असेल तर इतरांपासून दूर आसन, शक्यतो एकच क्रू सदस्य त्याच्याकडे, एक शौचालय त्याच्यासाठी राखीव. उलटी-जुलाब सांडले तर युनिव्हर्सल प्रिकॉशन किट उघडायचं. त्यात द्रव शोषून घट्ट करणारी पूड, जंतुनाशक, हातमोजे, ॲप्रन, डोळे-तोंड झाकणारा मास्क, खरवडणीसह सुपली आणि जैविक कचऱ्याची पिशवी असते. क्रम चुकतो तो इथेच. आधी पूड टाकून घट्ट होऊ द्यायचं, मग उचलायचं, मग जंतुनाशक. घाईत आधी फवारा मारला तर घाण पसरते आणि शिंतोडे उडतात.

कॉकपिटमधून: कॅप्टन ज्या हवाई वाहतूक नियंत्रकाशी बोलत असेल त्यालाच संदेश देतो. आयकाओच्या दस्तऐवज ४४४४ प्रमाणे त्यात सात गोष्टी: विमानाची ओळख, निघालेला विमानतळ, जायचा विमानतळ, पोचायची अंदाजे वेळ, विमानातली एकूण माणसं, संशयित रोग्यांची संख्या, आणि माहीत असेल तर धोक्याचं स्वरूप. नियंत्रक हा निरोप पुढच्या विमानतळाच्या नियंत्रकाला देतो, तो सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याला, विमान कंपनीला आणि विमानतळ प्रशासनाला. नियंत्रकांमार्फतची ही वाट सार्सनंतरच्या सुधारणांतली आहे. फक्त कंपनीच्या रेडिओ वारंवारितेवर कळवलेली बातमी कंपनीच्या कार्यालयापर्यंत पोचते, आरोग्य खात्यापर्यंत वेळेत पोचेलच असं नाही.

नेहमीची चूक: 'मेडिकल इमर्जन्सी' म्हणून कळवणं. ते ऐकून खाली रुग्णवाहिका आणि हृदयविकाराची तयारी येते, संरक्षक पोशाख घातलेला आरोग्य अधिकारी येत नाही. संसर्गाचा संशय आहे हे शब्द स्पष्ट जायला हवेत.

जमिनीवर: आरोग्य विभाग येईपर्यंत दारं बंद ठेवली तरी हवा खेळती राहिली पाहिजे. उड्डाणात केबिनची हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते आणि हेपा गाळण्या ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात, पण यंत्रणा बंद केली की हे सगळं थांबतं. १९७७ मध्ये अलास्कात इंजिनाच्या बिघाडाने अडकून पडलेल्या विमानात वायुवीजन बंद होतं आणि ५४ जणांपैकी ७२ टक्क्यांना फ्लू झाला. म्हणूनच जमिनीवर ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर वायुवीजन चालू ठेवायची शिफारस आहे.

मग प्रवासी ठावठिकाणा फॉर्म. तो उतरायच्या आधी, आसनावर बसलेले असतानाच भरून घ्यायचा. प्रत्यक्ष बसलेल्या आसनाचा क्रमांक लिहायचा, बोर्डिंग पासवरचा नव्हे. लोक जागा बदलतात आणि मग संपर्कातली माणसं शोधताना भलत्यालाच फोन जातो.

रोग्याच्या दोन ओळी पुढे, दोन मागे बसलेल्यांना शोधायचं, हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो मुळात क्षयरोगाच्या मार्गदर्शक सूचनांमधला, तेही ८ तास किंवा त्याहून लांब प्रवासासाठी. तो कायदा नाही. १५ मार्च २००३ च्या हाँगकाँग-बीजिंग विमानात सार्सची लागण झालेल्या २२ जणांतले कितीतरी त्याहून दूर बसले होते.

कलम_परिशिष्ट

"उतरू नका" याचं उत्तर २००५ च्या नियमावलीच्या कलम २८ मध्ये आहे. कलम ४३ खालचे जादा उपाय सोडले, तर सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून विमानाला प्रवेशस्थानी (इथे विमानतळावर) येण्यापासून रोखता येत नाही. तिथे आवश्यक सोयी नसतील तर जवळच्या योग्य विमानतळाकडे जायला सांगता येतं, पण विमानाची यांत्रिक किंवा इंधनाची स्थिती पाहता ते असुरक्षित असेल तर तेही नाही. उतरल्यावर प्रवासी आणि माल खाली घ्यायची परवानगी देताना तपासणीची आणि निर्जंतुकीकरणाची अट घालता येते. वैमानिकाने आजाराची माहिती लवकरात लवकर कळवायची, हे बंधन त्याच कलमात आहे.

पिवळं_कार्ड

तिसऱ्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं. दाखल्याच्या यादीत पीतज्वर टिकला कारण तीन गोष्टी एकत्र जुळतात: लस परिणामकारक आहे, एका मात्रेत काम होतं, आणि डास असलेला पण रोग नसलेला मोठा प्रदेश शिल्लक आहे. भारत त्यातलाच. म्हणून भारताने नियमावलीच्या पीतज्वराच्या तरतुदींवर स्वतःच्या अटी नोंदवून ठेवल्या आहेत आणि त्याची अंमलबजावणी कडक असते. २०१४ पासून पोलिओसाठीही काही देशांतून निघणाऱ्यांना दाखल्याची शिफारस झाली, पण ती तात्पुरत्या शिफारशींखाली. लसीच्या दाखल्यासाठी नियमावलीच्या परिशिष्टात कायमचा नाव घेऊन बसलेला रोग एकटा पीतज्वर.

दाखला नाकारला जातो तो लस न घेतल्यामुळे जितका, तितकाच कागद चुकल्यामुळे:

वैधता लस घेतल्यापासून १० दिवसांनी सुरू होते. नवव्या दिवशी पोचलात तर लस घेतलेली असूनही दाखला नाही असंच धरतात.

वैधता आयुष्यभर. ११ जुलै २०१६ पासून हे लागू आहे, त्या आधीच्या कार्डांनाही. कार्डावर १० वर्षांची तारीख छापलेली असली तरी ती संपली म्हणून पुन्हा लस घ्यायला लावणं नियमात बसत नाही.

लस देणाऱ्या अधिकृत वैद्यकीय व्यक्तीची सही हाताने केलेली हवी. केंद्राचा शिक्का वेगळा लागतो, तो सहीच्या जागी चालत नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

खाडाखोड झाली किंवा एखादा रकाना रिकामा राहिला तर दाखला बाद होऊ शकतो. तारखेत महिना अक्षरात लिहायचा, नाहीतर ०३-०४ मधला महिना कोणता यावरून वाद होतो. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये भरायचा, जोडीला दुसरी भाषा चालते. लसीचा उत्पादक आणि बॅच क्रमांक हवाच. दाखला माणशी एक, कुटुंबाचा एकत्र नाही; लिहिता न येणाऱ्या मुलाच्या जागी पालकाची सही.

वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर डॉक्टरने कारणांसह इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लिहून द्यायचं. उतरणाऱ्या देशाने ते विचारात घ्यायचं असतं, मान्य केलंच पाहिजे असं नाही. दाखला नसेल तर शेवटच्या संभाव्य संपर्कापासून जास्तीत जास्त ६ दिवस वेगळं ठेवता येतं.

आणखी एक: नुसतं विमान बदलायला थांबलात तरी काही देश दाखला मागतात. पुष्कळांनी मर्यादा १२ तासांची ठेवली आहे. विमानाला उशीर होऊन १० तासांचा थांबा १४ तासांचा झाला की अट अचानक लागू होते.

धावपट्टी

हे सगळं फार उपयोगी. दोन उपप्रश्न. विमानात फवारा मारतात तो याच नियमांखाली का? आणि २०२० मध्ये देशांनी सरसकट विमानं बंद केली, ती नियमावली मोडूनच ना?

गॅली_दोन

हो, २००५ च्या नियमावलीच्या परिशिष्ट ५ खाली. डासांनी पसरणाऱ्या रोगाच्या भागातून येणारी विमानं कीटकमुक्त करायची, आणि विमानतळाच्या वापरातल्या जागांभोवती किमान ४०० मीटरपर्यंत डासांचं नियंत्रण करायचं. पीतज्वराइतकंच मलेरियासाठीही हे लागतं. कुठेही न गेलेल्या, पण विमानतळाजवळ राहणाऱ्या माणसांना मलेरिया झाल्याची उदाहरणं युरोपात आहेत.

पद्धती अशा. दारं बंद झाल्यावर, उड्डाणापूर्वी, प्रवासी बसलेले असताना २ टक्के डी-फेनोथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा. प्रमाण १०० घनमीटरला ३५ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमचा डबा साधारण २८५ घनमीटरला पुरतो. किंवा प्रवासी चढण्यापूर्वी परमेथ्रिन हे दुसरं कीटकनाशक आणि मग खाली उतरायला लागताना डी-फेनोथ्रिन. किंवा आतल्या पृष्ठभागांवर परमेथ्रिनचा टिकाऊ थर: गालिच्यांवर चौरस मीटरला ०.५ ग्रॅम, बाकी ०.२ ग्रॅम, दर ८ आठवड्यांनी पुन्हा. आसनांची कापडं बदलली किंवा खोल सफाई झाली की तेवढ्या भागातला थर गेला असं धरून तो पुन्हा द्यावा लागतो, आणि हेच विसरलं जातं.

शौचालयं, कॉकपिट, क्रूची विश्रांतीची जागा, डोक्यावरचे कप्पे सुटू द्यायचे नाहीत. कप्पे फवाऱ्याआधी बंद करून टाकणं ही अगदी नेहमीची गफलत. रिकामे डबे फेकायचे नाहीत, उतरल्यावर अधिकारी त्यांवरचे क्रमांक घोषणापत्राशी ताडून पाहतो. घोषणापत्रात ठिकाण, तारीख, वेळ आणि पद्धत लिहायची. त्या फेरीत फवारणी झाली नसेल तर शेवटच्या फवारणीचा तपशील.

जुनं_दप्तर

दुसऱ्या उपप्रश्नाला "मोडूनच" हे उत्तर सोपं आहे आणि पुरतं खरं नाही. कलम ४३ देशाला जादा उपाय करू देतं. अट अशी की ते शास्त्रीय आधारावर असावेत, आणि तेवढंच संरक्षण देणाऱ्या दुसऱ्या उपायापेक्षा प्रवासाला जास्त आडकाठी करणारे नसावेत. प्रवासी किंवा विमान नाकारणं, किंवा २४ तासांहून जास्त खोळंबवणं, हा मोठा अडथळा मानला जातो. तो घातल्यापासून ४८ तासांत कारणांसह जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं, आणि तीन महिन्यांत फेरविचार करायचा. २०१४ च्या इबोलात आणि २०२० मध्ये अनेक देश चुकले ते मुख्यतः इथे: कळवलंच नाही, किंवा कारण दिलं नाही. बंदी शास्त्रीय होती की नव्हती, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही.

कलम_परिशिष्ट

त्याला जोडून: न कळवण्याला दंड नाही. संघटना फेरविचार करायला सांगू शकते, एवढंच. ती विमानतळ बंद करू शकत नाही आणि उघडूही शकत नाही. ३० जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर करताना प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. देशांनी ती आपापल्या कायद्याने केली. विमान वाहतूक पुन्हा सुरू करायच्या सूचना आयकाओच्या कृती गटाने १ जून २०२० ला दिल्या, त्याही शिफारशीच.

यादीत अजून एक ओळ घाला. १ जून २०२४ ला मंजूर झालेल्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहेत. 'महासाथीची आणीबाणी' ही वरची पायरी त्यातून आली, प्रत्येक देशात अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय प्राधिकरण नेमायचं आहे, आणि लसीचा दाखला डिजिटलही चालेल असं परिशिष्ट ६ मध्ये आलं. संघटनेच्या घटनेतल्या कलम २२ चं ते जुनं यंत्र मात्र तसंच आहे: अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये लेखी नकार कळवला, म्हणून या दुरुस्त्या तिला लागू झाल्या नाहीत, आधीचाच मजकूर राहिला. तेव्हा दोन देशांमधल्या विमानाला कोणता मजकूर लागतो हे विचारताना दोन्ही टोकांच्या देशांनी काय कळवलं आहे ते पाहावं लागतं.

पिवळं_कार्ड

डिजिटल चालेल हे वाचून कागदी कार्ड घरी ठेवू नका. पीतज्वराचा दाखला तपासणाऱ्या चेक-इनवरच्या माणसाला त्याच्या देशाची यंत्रणा तो डिजिटल नमुना वाचू शकते की नाही, एवढंच दिसतं. वाचता आला नाही तर त्याच्या लेखी दाखला नाही, आणि विमान कंपनी तुम्हाला चढवणार नाही.